मागच्या बाजूचं गाणं

माझ्या आईचा आवाज कुठेही टिपून ठेवलेला नाही. फोटो आहेत, माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेटही आहे. पण त्या कॅसेटवर व्हिडिओवाल्याने हौसेने पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमातली गाणी चढवून ठेवली आहेत. आई विहीणबाईंशी बोलताना दिसते, पंगतीत कुणाला तरी आग्रह करताना दिसते, मी निघताना माझ्या कानाशी लागून काहीतरी सांगताना दिसते, आणि ऐकू येते ती सनई. काय सांगितलं होतं ते मलाही आता आठवत नाही. त्या व्हिडिओवाल्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या आहेत की उचक्या लागून लागून त्याला धड जेवता आलं नसेल.

आई बोलायची भरभर. आवाज बारीक, किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. स्वयंपाकघरातून ती एकदा बोलायला लागली की बाबा बाहेरच्या खोलीतून नुसतं 'हो' म्हणायचे. त्या 'हो'ला काही अर्थ नसायचा, पण तो आला नाही तर आई हातातलं टाकून बाहेर बघायला यायची.

ती गेली २००३च्या डिसेंबरात, सांगलीला, एका दुपारी, कुणाला काही कळायच्या आत. आम्ही २००१ पासून नेपरव्हिलला होतो. नवऱ्याची नोकरी शिकागोत, घर पश्चिमेकडच्या या उपनगरात, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची परवानगी नसलेली. तिकीट मिळून, विमानं बदलून मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी एकुलती एक. बाबांना एकटं ठेवून परत येणं जिवावर आलं होतं, पण मुलगी लहान होती, यावं लागलं. मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. मीटर तपासणीच्या विभागात त्यांचा जन्म गेला. विमानतळावर ते दोन बॅगा घेऊन बाहेर आले. एका बॅगेत मावशीने बांधून दिलेलं मेतकूट, चटण्या, पापड. दुसऱ्या बॅगेत आईच्या दोन सुती साड्यांत गुंडाळलेला आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर.

"बाबा, हे धूड कशाला आणलंत?"

"सुई मिळत नाही गं तिकडं. सगळं मार्केट पालथं घातलं. म्हटलं, अमेरिकेत सगळं मिळतं म्हणतात, बघू तरी."

"आणि रेकॉर्डी?"

"त्या कशाला? त्या घरी आहेत की. सुई बसवून परत न्यायचंच आहे."

मी ते धूड गाडीत ठेवलं. जावयाला मात्र हे काम फार आवडलं. तो कॉम्प्युटरच्या चिपमध्ये अडकलेला इंजिनियर. हातात धरता येईल अशी वस्तू दुरुस्त करायला मिळाली की खूश. इंटरनेटवर शोधून त्याने सुई मागवली. आपल्याकडचं मशीन दोनशे वीस व्होल्टचं, इथे भिंतीतून येतात एकशे दहा, म्हणून शिकागोतल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला. सासरे-जावई बेसमेंटमध्ये दोन संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. मशीन फिरायला लागलं. आता सुई वाजते का बघायचं तर घरात एकही रेकॉर्ड नाही.

म्हणून मी बाबांना एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये नेलं. लोकांनी दान केलेले कपडे, कपबशा, सोफे तिथे स्वस्तात मिळतात. कोपऱ्यातल्या खोक्यात रेकॉर्डी उभ्या लावलेल्या. मोठ्या सोडून बाबांनी लहान उचलल्या, आपल्याकडच्या ईपीसारख्या दिसतात म्हणून. गाणं कुठलं हे बघायचा प्रश्नच नव्हता. मधल्या कागदाचा रंग आवडला की घेतली. घरी आल्यावर कळलं की इथल्या लहान रेकॉर्डींच्या मधोमध रुपयाएवढं भोक असतं आणि आपल्या मशीनला बारीक खिळा. जावई म्हणाला, मधे बसवायची चकती मिळते, ऑर्डर करतो. बाबांनी तोवर दह्याच्या डब्याचं झाकण घेतलं, मुलीच्या कंपासने वर्तुळ आखलं आणि कात्रीने अशी चकती कापली की पुढे विकतची आली ती ड्रॉवरमध्येच पडून राहिली.

त्या पहिल्या खेपेत बऱ्याच रेकॉर्डी पोरींच्या निघाल्या. तिघींचा, चौघींचा गट. एकजण पुढे होऊन गाते, बाकीच्या मागे. कृष्णवर्णीय मुली, एकोणीसशे साठच्या दशकातल्या, चर्चमध्ये किंवा शाळेत एकत्र गाणाऱ्या. या गाण्यांना सोल म्हणतात एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यातल्या एक-दोन गटांनी जग जिंकलं, ती गाणी इथे अजून सुपरमार्केटमध्येही वाजतात. पण बाबांच्या हाती लागले ते गट कुणी ऐकलेले नव्हते. एक रेकॉर्ड निघाली, चालली नाही, संपलं. कंपनीसुद्धा कुणाच्या तरी दुकानाच्या मागच्या खोलीत थाटलेली. लेबलवर गटाचं नाव असायचं, मुलींची नावं कुठेच नसायची.

बाबांना या पोरी आवडल्या. का, ते मला आधी कळेना. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, पण ते ऑफिसचं इंग्रजी. गाण्यातले शब्द त्यांना कळत नसत. एकदा मी विचारलंच.

"एकटी कुणी गात नाही बघ," बाबा म्हणाले. "एकीनं काही म्हटलं की मागच्या दोघी लगेच हो म्हणतात."

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी आम्ही गराज सेल धुंडाळायचो. लोक आपल्या घरासमोर टेबलं मांडून नकोसं झालेलं सामान विकतात. बाबा कुणाशीही न बोलता सरळ रेकॉर्डींच्या खोक्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसायचे. "व्हॉट काइंड ऑफ म्युझिक यू लाइक, सर?" असं एका बाईने विचारलं तर म्हणाले, "लेडीज. थ्री लेडीज." बाईने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघायला लागले.

ती रेकॉर्ड मिळाली ऑरोरातल्या एका चर्चच्या सेलमध्ये, जुलैत. पांढरं लेबल, त्यावर रबरी शिक्का मारून गटाचं नाव. पुढच्या बाजूला नाचाचं गाणं, ठीकच. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तर बाबांनी बेसमेंटमधून हाक मारली. खाली गेले. त्यांनी रेकॉर्ड उलटवली.

मागच्या बाजूला एक चाल होती, साधी, जरा घाईची. दोन कडव्यांनंतर वाद्यं खाली गेली, मागच्या दोघी नुसतं गुणगुणायला लागल्या आणि त्यांच्यातली एकजण बोलायला लागली. गात नव्हती, बोलत होती. बारीक आवाजात, भरभर, वाक्याचा शेवट वर नेत.

"कोण वाटतं?" बाबांनी विचारलं.

"कोण?"

"तुझी आई."

मी हसले. मला अजून आठवतं, मी चक्क हसले. म्हटलं, बाबा, ती बाई आपल्या मित्राला 'मला सोडून जाऊ नको' म्हणून विनवते आहे.

"म्हणत असेल. पण आवाज?"

तेवढ्यात माझी पाच वर्षांची मुलगी जिन्यावरून म्हणाली, "आजोबा, शी साउंड्स लाइक अ स्क्विरल." बाबांना स्क्विरल म्हणजे खार हे माहीत होतं. ते म्हणाले, "तुझी आजी पण तशीच बोलायची." आणि सुई पुन्हा मागे नेली.

मला खरं सांगायचं तर काळजी वाटली. माणूस एकटा पडला की असं होतं म्हणतात. नवऱ्याला म्हटलं, बाबांना भास होतात की काय. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, एंजॉय करतायत." त्याचं सगळ्यालाच जाऊ दे असतं.

मग ऑगस्टमधली एक दुपार आली. मी वर ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. खाली मशीन चालू होतं, माझं लक्ष नव्हतं. दाराआडून, जिन्यातून, गाळून आल्यासारखा तो बोलण्याचा भाग वर आला. शब्द एकही कळत नव्हता. कुणीतरी घाईघाईने काहीतरी सांगतंय आणि मी तिकडे जायला हवं, एवढंच होतं. मी लाटणं ठेवलं आणि म्हणाले, "आले गं."

म्हटल्यावर मी ओट्याला धरून उभी राहिले. तव्यावरची पोळी करपून घरभर धूर झाला आणि स्मोक अलार्म केकाटायला लागला. बाबा धावत वर आले. मी त्यांना काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मुलगी शाळेत आणि बाबा पायी फिरायला गेले की मीही खाली जाऊन ती रेकॉर्ड लावायला लागले. मला आई हवी होती. इतकी हवी होती की मी ती कुठल्याही आवाजात ऐकायला तयार होते, आणि हा तर तिचाच वाटत होता.

पुढची हाव साहजिक होती. या पोरींची आणखी एखादी रेकॉर्ड असेल तर? आणखी दोन मिनिटं बोलली असेल तर? सप्टेंबरात एका सकाळी मी रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांत बांधली, ट्रेनने शिकागोला गेले, तिथून बसने दक्षिणेकडे, जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात. मालक बाबांच्याच वयाचा, कृष्णवर्णीय, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्याने लेबल बघितलं आणि खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, ही कुठे मिळाली तुला? इंग्लंडमध्ये लोक हिच्यासाठी जीव टाकतात. तिकडे हॉल भाड्याने घेऊन अशा गाण्यांवर नाचतात, आणि जितकी कमी लोकांनी ऐकलेली तितकी त्यांना प्यारी. इथे? इथे ही एका स्टेशनवर थोडे दिवस वाजली असेल, बाकीच्या प्रती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ओल लागून गेल्या.

"मागची बाजू लावा," मी म्हणाले.

त्याने लावली. गाणं सुरू झालं आणि मला वाटलं याचं मशीन बिघडलंय. चाल संथ होती, जड पावलांची. मग वाद्यं खाली गेली आणि एक बाई बोलायला लागली. मुलगी नव्हे, बाई. आवाज खोल, सावकाश, प्रत्येक शब्दाला वजन. तिला रडायचं होतं आणि ती रडत नव्हती. माझ्या आईच्या जागेवर कुणी परकीच येऊन बसली होती.

"तुमचं मशीन स्लो आहे," मी म्हणाले. जरा रागानेच म्हणाले.

त्याने मशीनकडे बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे. "नो, हनी. धिस इज हाउ दे सँग इट."

दुसऱ्या दोन रेकॉर्डी लावून त्याने मला दाखवलं. त्यातली एक तर मीही कारच्या रेडिओवर ऐकलेली होती, आणि ती अगदी ओळखीच्या लयीत वाजली. मग त्याने त्या पोरींबद्दल जे ऐकलं होतं ते सांगितलं. शाळा सुटल्यावर आल्या, दोन गाणी म्हटली, जेवायच्या वेळेला घरी गेल्या. आणखी रेकॉर्ड झालीच नाही. बोलणारी कोण होती ते त्याला माहीत नव्हतं. टेलिफोन कंपनीत लागली असं कुणीतरी म्हणायचं, पण ती की तिची बहीण, कोण जाणे. रेकॉर्ड विकतेस का, असं त्याने दोनदा विचारलं. मी ती पुन्हा पुठ्ठ्यांत बांधली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. माझा राग कुणावर होता ते मला सांगता आलं नसतं. मग हळूहळू ती दुसरी बाई डोक्यात यायला लागली. ती कुठेतरी इथेच असेल, याच शहरात, साठीच्या आसपास, किंवा नसेलही. तिची मुलं असतील. तिचा सोळा-सतरा वर्षांचा आवाज त्यांनी कधी ऐकला असेल का? तो आवाज माझ्या मांडीवरच्या पुठ्ठ्यात होता, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाची तरी मागणी करत होते.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. व्होल्ट बदलले, पण विजेची लय कोण बदलणार? आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, इथे साठ. त्या जुन्या मोटरचा वेग त्या हेलकाव्यांवर ठरतो. म्हणजे आमचं मशीन मे महिन्यापासून सगळंच पळवत होतं, आणि सूर तीन पट्ट्या वर चढत होता. ओळखीची एकही रेकॉर्ड घरात नव्हती म्हणून कुणाला कळलं नाही.

"इझी आहे," तो म्हणाला. "आतली छोटी पुली थोडी घासली की स्पीड बरोबर येईल. शनिवारी करून टाकतो."

"त्या मशीनला हात लावलास तर बघ."

"अगं, पण चुकीचं वाजतंय ते."

"वाजू दे. आणि बाबांना एक अक्षर सांगायचं नाही."

तो बिचारा खरंच बोलला नाही. पण चुकीची गोष्ट चालू आहे आणि आपण गप्प बसायचं, हे इंजिनियरला सोसत नाही. खालून गाणं यायला लागलं की तो अंगणात गवत कापायला जायचा. आमचं अंगण गल्लीत सगळ्यात नीटनेटकं झालं.

माझ्या मनात मात्र दुसरंच दाटत चाललं होतं. बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं. मशीन ते घेऊन जाणार, ही रेकॉर्ड घेऊन जाणार. सांगलीला, त्या रिकाम्या घरात, संध्याकाळी मधल्या खोलीत ते मशीन लावतील. तिथे पन्नास हेलकावे. सुई मागच्या बाजूवर ठेवतील, वाट बघतील, आणि ती परकी बाई बोलायला लागेल. जवळ कुणी नसेल. आई दुसऱ्यांदा जाईल आणि याही वेळी मी तिथे नसेन. यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, आहेत तेवढे दिवस तरी ऐकू देत. रोज सकाळी ठरवायची आज सांगायचं, आणि रोज त्यांचा चेहरा बघून गिळून टाकायची.

शेवटच्या आठवड्यात मी खाली गेले तर बाबा पुठ्ठ्याचं खोकं करत होते. रेकॉर्ड आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, कडांना वर्तमानपत्राच्या घड्या. आता पळवाट नव्हती. मी वर येऊन फरसबीची पिशवी आणि दोन सुऱ्या घेऊन पुन्हा खाली गेले. बाबांशी कठीण बोलायचं तर त्यांच्या हाताला काम द्यावं लागतं, हे मी आईकडून शिकले होते.

आम्ही शिरा काढायला लागलो. मी म्हणाले, "बाबा, ही रेकॉर्ड तिकडे वेगळी वाजेल."

"हळू वाजेल," बाबा म्हणाले.

मी सुरी खाली ठेवली. त्यांनी ठेवली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी वीज मंडळात काय माशा मारत होतो? इथं साठ सायकल, आपल्याकडं पन्नास. मला वाटलं, जावईबापूंच्या लक्षात येईल. नाही आलं."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हटलं, आधी सुई वाजते का बघू, मग पुली घासून घेऊ. राहून गेलं. आणि मग ही सापडली." त्यांनी एक शेंग मोडली. "मग कशाला घासू?"

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हणाले, "पण ती आई नाहीये, बाबा. मी शिकागोला जाऊन ऐकून आले. ती बाई वेगळीच आहे."

"असणारच. मला काय कळत नाही?" बाबा अजिबात चिडले नाहीत. "तुझ्या देव्हाऱ्याशेजारी तिचा फोटो आहे. एवढासा. ती काय एवढीशी होती? तरी रोज बघतेसच की."

मी डोळे पुसले आणि विचारलं, मग हे खोकं कशाला करताय.

"तुझी पोर नाचते इथं. पाय पडला तर? नीट राहील यात. इथंच राहू दे ही. मशीन पण राहू दे. तिकडं नेऊन काय करू, तिकडं ही गप्पच."

मी त्यांना म्हणाले, राहा. व्हिसा वाढवून घेऊ, हिवाळा सोसेल, खाली हीटर लावू. पुष्कळ विनवलं. ते म्हणाले, नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. घर बंद राहिलं की वाळवी लागते. आईने लावलेली जुई आहे, तिला शेजारी किती दिवस पाणी घालणार? सगळी कारणं खरी होती. ऑक्टोबरअखेर ते गेले. तिकडे त्यांच्या रेकॉर्डी मशीनशिवाय, इकडे मशीन. सुईसाठी एवढा प्रवास केला, आणि सुईच इथे ठेवून गेले.

फोन रविवारी करायचा असं ठरलेलं. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबायचे, मग दूरवर घंटा वाजायची. औषध घेतलं का, जेवलात का, इकडे किती बर्फ पडला. काही आठवडे गेल्यावर बाबा म्हणाले, "मशीन चालवतेस ना? बंद ठेवलं तर आतलं ग्रीस आळतं."

"चालवते."

"लाव बघू. मोटरचा आवाज ऐकू दे मला."

आमच्याकडे हे नवीन नव्हतं. गणपतीत आई फोन देव्हाऱ्याशी नेऊन मला इकडे आरती ऐकवायची. परदेशी मुलं असलेल्या घरांतून सगळीकडेच ही रीत होती. मी लांब दोरीचा फोन बेसमेंटमध्ये नेला, रिसीव्हर मशीनच्या जाळीसमोर टेकवला आणि रेकॉर्ड लावली. कुठली लावायची हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संपल्यावर रिसीव्हर कानाला लावला तर म्हणाले, "मोटर ठीक आहे."

त्यानंतर दर रविवारी मोटर ठीक आहे की नाही ते बघणं आलं. आम्ही दोघांनी ते नाटक इतक्या गंभीरपणे केलं की नवरासुद्धा विचारायचा, झाली का मोटर चेक. मी त्याला हसायची आणि मग जिन्यात थांबून डोळे पुसायची. वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, मला काम करायची परवानगी मिळाली, घरातले बाकीचे फोन बिनदोरीचे झाले. खालचा तेवढा मी बदलू दिला नाही. बाबा पुन्हा अमेरिकेला आले नाहीत. मी दोनदा जाऊन आले. तिथे आम्ही त्या रेकॉर्डीचा विषयही काढला नाही.

२००८च्या उन्हाळ्यातला एक रविवार. मी नेहमीसारखा रिसीव्हर जाळीसमोर ठेवून बाजूला बसले होते. गाणं अर्ध्यावर आलं, वाद्यं खाली गेली, तो बोलण्याचा भाग सुरू झाला, आणि मला आठवलं की बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीचं विचारायचं राहिलंय. विसरून जाईन म्हणून मी रिसीव्हर तसाच उचलून कानाला लावला.

बाबा बोलत होते. माझ्याशी नव्हे. मी मशीनशेजारी आहे, फोनवर कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं.

"...दूध आता निम्मंच सांगितलंय गं, उरतं मग. नळाचा वॉशर बदलून घेतला, तू म्हणत होतीस तो. गळत नाही आता. आणि ऐकलंस का, जुई यंदा..."

मी श्वास रोखून रिसीव्हर हळूच पुन्हा जाळीसमोर ठेवला. बोलणारी थांबली, मागच्या दोघी शेवटचं हो म्हणाल्या आणि गाणं संपलं. मी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्यांचं अजून सांगून झालं नव्हतं.